विश्लेषण : घरच्या संगणकात ‘रेड’ हवे की नको? दोन डिस्क असूनही डेटा का जातो?

मुलांचे लहानपणीचे फोटो, लग्नाचे व्हिडीओ, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन, गेल्या काही वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे. अनेक घरांत हे सगळे एकाच हार्ड डिस्कवर साठवलेले असते. ती डिस्क अचानक बंद पडली तर काय, या धास्तीपोटी नवा संगणक जुळवून घेताना बरेच ग्राहक दोन डिस्क घालून ‘रेड करून द्या’ असे दुकानदाराला सांगतात. दुसरीकडे गेम खेळणारे आणि व्हिडीओ संकलन करणारे हेच ‘रेड’ वेगासाठी मागतात. एका नावाखाली या दोन वेगवेगळ्या अपेक्षा आहेत, आणि चुकीचा प्रकार निवडला तर डेटा वाचण्याऐवजी तो जाण्याची शक्यता वाढते. रेड म्हणजे काय, ते कशापासून वाचवते, कशापासून वाचवत नाही आणि घरच्या वापरासाठी त्यावर पैसे घालावेत का, याचा हा आढावा.

‘रेड’ म्हणजे नेमके काय?

एकापेक्षा अधिक डिस्क जोडून त्या संगणकाला एकच डिस्क असल्यासारख्या दाखवण्याच्या तंत्राला रेड म्हणतात. पोलिसांच्या छाप्याशी किंवा लाल रंगाशी या नावाचा संबंध नाही. इंग्रजीतील चार शब्दांच्या आद्याक्षरांचे ते लघुरूप आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधक डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. त्या काळी मोठ्या संगणकांसाठी एकच अवाढव्य आणि अतिशय महाग डिस्क वापरली जाई. त्याऐवजी वैयक्तिक संगणकासाठी बनणाऱ्या स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र केल्या तर काम वेगाने होईल, असा या तिघांचा मुद्दा होता. मात्र डिस्क जितक्या अधिक, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही अधिक. म्हणून एखादी डिस्क गेली तरी काम सुरू राहावे, यासाठी माहितीची जादा नोंद ठेवण्याच्या पद्धती त्यांनी क्रमांक देऊन मांडल्या. लघुरूपातील एका अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता; पुढे डिस्क उत्पादकांनी तो ‘स्वतंत्र’ असा केला.

थोडक्यात, हे तंत्र जन्माला आले ते बँका, विद्यापीठे आणि कार्यालयांतील सतत चालू राहणाऱ्या यंत्रांसाठी. घरच्या संगणकाबाबत निर्णय घेताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

कोणता प्रकार काय करतो?

रेड-० मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे करून ते दोन किंवा अधिक डिस्कवर वाटून लिहिले जातात. दोन्ही डिस्क एकाच वेळी काम करत असल्याने वेग वाढतो आणि जागाही पूर्ण मिळते. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर आठ टीबी वापरता येतात. पण जादा नोंद कुठेच नसते. एक डिस्क गेली की उरलेल्या डिस्कवर राहतात ते फाइलींचे निम्मे तुकडे.

रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. ही आरशासारखी प्रत असते. चार टीबीच्या दोन डिस्क घेऊन वापरायला चारच टीबी मिळतात, पण एक डिस्क बंद पडली तरी संगणक दुसरीवर चालू राहतो.

रेड-५ ला किमान तीन डिस्क लागतात. त्यामागची कल्पना शाळेतल्या बेरजेसारखी आहे. पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. दुसरी डिस्क गेली तर १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळवता येतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी ‘पॅरिटी’ नावाचे बायनरी गणित वापरले जाते आणि त्याच्या नोंदी सगळ्या डिस्कवर वाटलेल्या असतात. चार टीबीच्या तीन डिस्कमध्ये आठ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क जाण्याची मुभा राहते. रेड-६ ला किमान चार डिस्क लागतात आणि त्यातल्या दोन गेल्या तरी डेटा टिकतो. रेड-१० मध्ये आरशासारख्या जोड्या करून त्या जोड्यांवर माहिती वाटली जाते. त्यालाही किमान चार डिस्क हव्यात.

वेगासाठी रेड-० घ्यावे का?

फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यात या प्रश्नाला अर्थ होता. आज घरच्या संगणकासाठी तो जवळपास निकालात निघाला आहे. साधारण हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी वेगाने माहिती वाचते. दोन जोडल्या तर चांगल्या परिस्थितीत ४०० एमबीच्या आसपास मजल जाते. साटा केबलवर चालणारी एकच साधी एसएसडी ५०० एमबीच्या पुढे जाते, तर मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला काही हजार एमबीपर्यंत पोहोचतात.

शिवाय संगणक ‘हळू’ वाटतो तो बहुतेकदा छोट्या छोट्या फाइली शोधण्यात वेळ गेल्यामुळे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ थांबावे लागते, आणि डोके योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळाच. हे थांबणे दोन डिस्क जोडल्याने संपत नाही. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

आता जोखमीचे गणित पाहू. समजा, एक डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता दोन टक्के आहे. रेड-० मध्ये दोनपैकी कोणतीही एक गेली तरी सगळे जाते, त्यामुळे धोका जवळपास चार टक्के होतो. लाखो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत वर्षाला बंद पडणाऱ्या डिस्कचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. मात्र ती डिस्क वातानुकूलित, स्थिर वीजपुरवठ्याच्या डेटा सेंटरमधली असते. मे महिन्यातल्या उकाड्यात टेबलाखाली धूळ खाणाऱ्या डिस्कला तोच हिशेब लावता येत नाही. त्यामुळे वेग हवा असेल तर दोन हार्ड डिस्क जोडण्यापेक्षा एक चांगली एसएसडी घेणे हा सरळ मार्ग आहे.

रेड-१ असले तरी डेटा सुरक्षित का नाही?

बहुतेकांची गल्लत होते ती इथे. रेड-१ एकाच संकटापासून वाचवते, ते म्हणजे एका डिस्कचा बिघाड. घरातला डेटा मात्र इतर अनेक कारणांनी जातो. चुकून फोल्डर डिलीट केले, तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाते. रॅन्समवेअरने फाइलींना कुलूप लावले, तर दोन्ही प्रतींना ते लागते. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल बिघडवून साठवली, तर बिघडलेली फाइल इमानेइतबारे दोन ठिकाणी लिहिली जाते. आरसा समोर जे असेल तेच दाखवतो. काल काय होते ते तो सांगू शकत नाही.

दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच पॉवर सप्लायवर असतात हेही लक्षात घ्यावे लागते. वळिवाच्या पावसात वीज कडाडून विजेचा जोरदार झटका आला किंवा पॉवर सप्लाय जळताना त्याने जादा दाब पुढे पाठवला, तर दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. चोर संगणक उचलून नेतो तेव्हा एक डिस्क मागे ठेवून जात नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ मधील कोल्हापूर-सांगली किंवा जुलै २०२१ मधील चिपळूण येथे तळमजल्यावर शिरलेल्या पाण्यासमोर रेड-१ आणि रेड-६ यांत काहीच फरक उरत नाही.

आणखी एक बारीक मुद्दा आहे. दोन्ही डिस्क सहसा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घेतल्या जातात. त्या सारख्याच तापतात, सारख्याच झिजतात. त्यामुळे एक गेल्यावर दुसरीही थकलेली असण्याची शक्यता कागदावरच्या गणितापेक्षा अधिक असते.

पिक्सारमध्ये काय घडले होते?

‘सतत सुरू राहणे’ आणि ‘परत मिळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवणारे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘टॉय स्टोरी २’ या अॅनिमेशनपटाचे आहे. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत कोणी तरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली आणि चित्रपटातील पात्रे व दृश्ये सर्व्हरवरून एकामागून एक नाहीशी होऊ लागली. यंत्र बंद करेपर्यंत बहुतांश काम गेले होते. बॅकअप होता, पण तो काही आठवड्यांपासून नीट चालतच नव्हता आणि हे कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. अखेर काम वाचले ते गेलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक चादरींमध्ये गुंडाळून, मोटारीतून जपून स्टुडिओत आणला गेला.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक क्षेत्रातील कंपनीतही असेच घडले. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला. बॅकअपच्या निरनिराळ्या पद्धती ठरवलेल्या होत्या, पण ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. साधारण सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावले. मधल्या तासांतला डेटा कायमचा गेला. दोन्ही घटनांत डिस्क ठणठणीत होत्या. चूक माणसाची होती, आणि उपयोगी पडली ती मूळ यंत्रापासून वेगळी असलेली प्रत.

एक डिस्क बंद पडल्यावर काय होते?

रेड-१ किंवा रेड-५ असलेला संगणक एक डिस्क गेल्यावरही चालू राहतो. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. सूचना देण्याची व्यवस्था लावलेली नसेल, तर घरातल्या कोणाच्याही ते लक्षात येत नाही. महिनोन् महिने संगणक एकाच डिस्कवर चालतो आणि ती गेली की ‘रेड असूनही सगळे गेले’ अशी तक्रार होते.

नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावर सगळा डेटा पुन्हा उतरवावा लागतो. सेकंदाला २०० एमबी हा वेग धरला, तर १२ टीबीची डिस्क भरायला सुमारे साडेसोळा तास लागतात. संगणकावर इतर काम सुरू असेल तर त्याहून अधिक. रेड-५ मध्ये या काळात उरलेल्या सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. आधीच जुन्या झालेल्या डिस्कवर हा सर्वाधिक ताण असतो, आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर रेड-५ हात टेकते. म्हणूनच मोठ्या क्षमतेच्या डिस्कसाठी जाणकार रेड-५ ऐवजी रेड-६ किंवा आरशाच्या जोड्या सुचवतात.

वीजपुरवठ्याचा मुद्दा आपल्याकडे अधिक महत्त्वाचा आहे. रेड-५ मध्ये माहिती लिहून झाली, पण तिची पॅरिटी लिहिण्याआधीच वीज गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. हा दोष तेव्हा दिसत नाही. तो उघड होतो पुढे कधी तरी डिस्क गेल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी. वारंवार वीज जाणाऱ्या भागात यूपीएसशिवाय रेड-५ चालवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

मदरबोर्डवरचे रेड की सॉफ्टवेअरचे?

अनेक मदरबोर्डच्या जाहिरातीत ‘रेडची सोय’ असा उल्लेख असतो. इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या चिपसेटवर ही सोय मिळते. त्यात रेडसाठी वेगळा प्रोसेसर नसतो. बरेचसे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर ड्रायव्हरच्या मदतीने करतो. अडचण येते मदरबोर्ड बंद पडल्यावर. चार-पाच वर्षांनी त्याच जातीचा बोर्ड बाजारात मिळेलच असे नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा बोर्ड त्या डिस्क ओळखेलच याची खात्री नसते.

ऑपरेटिंग सिस्टीममधून केलेले रेड या बाबतीत अधिक सोयीचे ठरते. विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय विंडोज ८ पासून आहे आणि त्या डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकाला लावून वाचता येतात. मात्र विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होते, ती यात घेता येत नाही. लिनक्सवर ‘एमडीएडीएम’ आहे. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम एक पाऊल पुढे जातात. साध्या रेड-१ मध्ये दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हे कळत नाही. या दोन पद्धती माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर तपासणीचा आकडा साठवतात. त्यामुळे बिघडलेली प्रत ओळखून चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

एक इशारा मात्र सर्वांना लागू आहे. रेड तयार करताना बहुतेक वेळा डिस्कवरचा आधीचा डेटा पुसला जातो. बायोसमध्ये नुसते सेटिंग बदलल्यानेही विंडोज सुरू होईनासे होऊ शकते. म्हणजे रेड करण्याआधीही बॅकअप घ्यावाच लागतो.

मग घरी रेड कोणी घ्यावे?

विचारण्याचा प्रश्न एकच आहे : डिस्क गेली तर काम किती वेळ थांबलेले चालेल? घरात फोटो, चित्रपट, मुलांचा अभ्यास आणि बँकेची कामे एवढाच वापर असेल, तर नवी डिस्क आणून बॅकअपवरून डेटा उतरवायला एक-दोन दिवस गेले तरी बिघडत नाही. अशा घरात रेडची गरज नाही. अनेक घरांत आता संगणक म्हणजे लॅपटॉपच असतो आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नसते. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

घरातूनच व्यवसाय चालत असेल तर चित्र बदलते. ऐन लग्नसराईत रोज शेकडो जीबी चित्रीकरण उतरवून घेणारा छायाचित्रकार, किंवा जुलैअखेर विवरणपत्रे भरण्याच्या धावपळीत असलेला करसल्लागार यांना दोन दिवस थांबणे परवडत नाही. त्यातही छायाचित्रकाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कार्ड रिकामे करून पुन्हा वापरायला घेतले की त्या लग्नाची एकच प्रत उरते, आणि रात्रीचा बॅकअप होण्याआधी डिस्क गेली तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही. सकाळच्या कामापासून रात्रीच्या बॅकअपपर्यंतची फट रेड-१ बुजवते. घरातल्या चार-पाच जणांसाठी एकच सामाईक साठवण, म्हणजे नॅस बॉक्स घेणाऱ्यांनाही दोन डिस्कचे रेड-१ सोयीचे पडते.

पैसे एकाच जादा डिस्कपुरते असतील तर?

घरोघरी खरा पेच हाच असतो, आणि त्याचे उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. दुसरी डिस्क संगणकाच्या आत आरसा म्हणून बसवण्यापेक्षा बाहेर बॅकअप म्हणून ठेवावी. किंमत तीच, पण चुकून डिलीट होणे, रॅन्समवेअर, विजेचा झटका आणि चोरी यांपासून वाचण्याची संधी त्यातून मिळते. अट एकच, बॅकअप झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेल्या बॅकअप डिस्कवरही रॅन्समवेअर पोहोचते. विंडोजमधील ‘फाइल हिस्ट्री’ आणि मॅकवरील ‘टाइम मशीन’ फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवतात, त्यामुळे कालची किंवा महिन्यापूर्वीची फाइल परत काढता येते.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम घरासाठीही पुरेसा आहे. मूळ धरून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउड असू शकते किंवा गावी, बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्कही. दिवाळीला जाताना नवी प्रत न्यायची आणि जुनी परत आणायची, एवढी शिस्तही पुरते. मात्र क्लाउडशी आपोआप जुळवून घेणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, त्यानंतर नाही.

आधीच रेड असेल तर काय तपासावे?

सर्वप्रथम, ते रेड-० आहे की रेड-१, हे पाहावे. दुकानदाराने जुळवून दिलेल्या संगणकात दोन चार टीबी डिस्क असूनही आठ टीबीची एकच डिस्क दिसत असेल, तर आरसा नाही हे नक्की. त्यानंतर डिस्क गेल्यास ई-मेल किंवा स्क्रीनवर सूचना येण्याची सोय सुरू आहे का, हे तपासावे. डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींत खराब झालेल्या सेक्टरची संख्या वाढताना दिसली, तर डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता ती बदलावी.

शेवटची तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वाधिक टाळली जाणारी आहे. बॅकअपमधून दोन-चार फाइली प्रत्यक्ष उतरवून, उघडून पाहाव्यात. पिक्सारचा बॅकअपही कागदोपत्री सुरूच होता. रेड असो वा नसो, उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही. घरच्या संगणकासाठी क्रम म्हणूनच असा लागतो : आधी बॅकअप, मग घराबाहेरची प्रत, त्यानंतर यूपीएस, आणि एवढे करून पैसे उरले व काम थांबणे परवडत नसेल तरच रेड.